कडू लागणाऱ्यांची यादी

इंदुबाई सुतारांचं अंतर्देशीय पत्र आलं तेव्हा मी फाटकातच उभा राहून ते वाचलं, घरात येऊन पुन्हा वाचलं आणि शब्दकोशाच्या दुसऱ्या खंडात ठेवून दिलं. उत्तर उद्या लिहू, असं ठरवलं. त्याला आता चौदा वर्षं झाली. पत्र लहानसं होतं. शेवटी एक प्रश्न होता आणि त्याचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' एवढंच द्यायचं होतं. एकतीस वर्षं कॉलेजात जीवशास्त्र शिकवून पोरांकडून 'एका वाक्यात उत्तरे द्या' लिहून घेतलेल्या माणसाला ते जमायला हरकत नव्हती.

प्रश्न काय होता ते सांगतो. पण आधी दुधीचं सांगायला हवं.

कराडला आमच्या कॉलनीच्या मैदानावर रोज सकाळी सहाला 'अमृतप्रभात आरोग्य मंडळ' भरायचं. तेवीस सभासद, सगळे निवृत्त. हात वर, हात खाली, दोन फेऱ्या, आणि मग ज्यूस. मैदानाच्या कमानीवर मंडळानं फलक लावला होता, 'कडू प्या, दीर्घायू व्हा'. सोमवारी कारलं, मंगळवारी कडुनिंब, बुधवारी मेथी, गुरुवारी गुळवेल, शनिवारी पुन्हा कारलं. कोण किती तोंड वाकडं न करता पितो यावर माणसाची मंडळातली पत ठरायची. शुक्रवारी मात्र दुधी. दुधीचा रस गोडसर, त्यामुळे त्याला कुणी मान देत नसे. 'आज काय, सुट्टी!' असं म्हणत लोक तो प्यायचे. रविवारी मंडळ स्टँडजवळ मिसळ खायला जायचं, त्याला 'सामाजिक उपक्रम' असं नाव होतं.

प्रत्येकानं आपापला पेला घरून आणायचा, असा नियम होता. सगळे पेले स्टीलचे आणि सगळ्यांवर नावं घातलेली. माझा पेला बायकोच्या आहेरातला, त्यावर 'चि. शालिनीस मामांकडून' असं होतं. त्यावरून माझी थट्टा व्हायची. मी हसून घ्यायचो. मला उलट काही बोलायचं सुचायचं ते घरी पोचल्यावर.

ज्यूसचा गाडा इंदुबाईंचा. पंचेचाळिशीच्या, उंच, सातवीपर्यंत शिकलेल्या, आणि तोंडाच्या तिखट. दुधी किसण्याआधी त्या देठाकडचं टोक कापायच्या, नखाएवढा तुकडा जिभेवर ठेवायच्या आणि मगच किसणीला घ्यायच्या. महिन्या-दोन महिन्यांतून एखादा दुधी मागे न बघता बादलीत भिरकावायच्या.

"चांगला कोवळा होता की, इंदुबाई," मी एकदा म्हणालो.

"दिसायला कोवळाच असतोय सर. जिभेला इचारावं लागतंय." मग माझ्या हातातल्या पुस्तकाकडे बघून त्या म्हणाल्या, "तुमी म्होरं बगून चाला. परवा त्या खांबाला नमस्कार करून गेलात."

मंडळाचे अध्यक्ष रावसाहेब जगदाळे. पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झालेले, आवाज धरणाच्या दारासारखा. ते बोलायला लागले की दोन फेऱ्या मारणारेही थांबायचे. एके दिवशी त्यांनी वर्तमानपत्राचं कात्रण आणलं. परगावी एका कुटुंबाला कडू दुधीचा रस पिऊन दवाखान्यात ठेवावं लागलं होतं.

"आपल्या मंडळात असं होता कामा नये," रावसाहेब म्हणाले. "चव-परीक्षण झालं पाहिजे."

"म्या चाखतेच की सायेब रोज," गाड्यामागून इंदुबाई म्हणाल्या.

"तू चाखतेस गं, पण ते शास्त्रीय आहे का? नोंद कुठं आहे?" आणि ते माझ्याकडे वळले. "केंजळे सर, तुम्ही विज्ञानाचे. चार वर्षं झाली मंडळात येऊन, कधी तोंड उघडलं नाही. काहीतरी शास्त्रीय द्या की आम्हाला!"

मला कुणी काही मागायची सवय नव्हती. शालिनी म्हणायची, वर्गातही मी फळ्याकडे तोंड करूनच शिकवत असणार. पण त्या दिवशी तेवीस माणसं माझ्याकडे बघत होती आणि मला एकदम आठवलं, की कपाटात एका चपट्या डब्यात पीटीसीचे कागद आहेत.

पीटीसी हे एक रसायन. त्यात बुडवून वाळवलेल्या कागदाची पट्टी जिभेवर ठेवली, तर दहांतल्या सात-आठ जणांना ती जहाल कडू लागते आणि उरलेल्यांना नुसता कागद. हे आनुवंशिक असतं. दरवर्षी मी हा प्रयोग वर्गात करायचो. वर्षभर मागच्या बाकावर झोपलेली पोरं त्या एका तासाला जागी असत.

दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गेलो. बाकावर उभा राहिलो. अनुवंशाबद्दल तीन-चार वाक्यं बोललो, आणि त्यानंतर ते वाक्य बोललो. मला ते अजून पाठ आहे.

"ज्याला हा कागद कडू लागत नाही, त्याची जीभ कडवटाला आंधळी असते."

टाळ्या पडल्या. एकाच वाक्यात मी आयुष्यात पहिल्यांदा लोकप्रिय झालो.

प्रयोगाची रीत अशी, की आधी कोरी पट्टी द्यायची आणि मग औषधाची. म्हणजे कोण खरं बोलतं ते कळतं. पहिल्यांदा अर्थातच रावसाहेब आले. मी त्यांच्या जिभेवर कोरी पट्टी ठेवली.

"थू! थू! अरे बापरे!" रावसाहेब चार पावलं मागे गेले. "विष आहे हे विष! सर, काय मारता की काय!"

लोक हसले, कौतुकानं. मी हातातल्या डब्याकडे बघितलं. पट्टी कोरीच होती. तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. मी दुसरी पट्टी दिली. त्यावर ते आणखी जोरात थुंकले. मी यादीत त्यांच्या नावापुढे 'अतितीव्र' लिहिलं.

मग रांगच लागली. अध्यक्षांना अतितीव्र लागलं म्हटल्यावर आपल्याला काहीच लागलं नाही असं सांगायला कोण तयार होणार? एकजण पट्टी जिभेला टेकायच्या आधीच शहारला. फक्त मुजावर गुरुजी, शाळामास्तर होते, सत्तरी ओलांडलेले, माझे मंडळातले एकमेव म्हणावेत असे मित्र, त्यांनी दोन्ही पट्ट्या शांतपणे चाखल्या आणि म्हणाले, "पहिल्यात काही नाही. दुसऱ्यात आहे थोडं. फार नाही बुवा." यादीत ते शेवटून पहिले आले.

"सर, तुमचं?" कुणीतरी विचारलं.

"परीक्षकाचं नाव यादीत नसतं," मी म्हणालो.

इंदुबाई रांगेत नव्हत्या. रावसाहेबांनीच त्यांना बोलावलं. पदराला हात पुसत त्या आल्या आणि दोन्ही पट्ट्या चाखल्या.

"कागद हाय."

"आणि दुसरा?"

"त्यो बी कागदच हाय की. वहीचा लागतोय."

"कडूआंधळी!" रावसाहेबांनी जाहीर केलं. "आणि आपण इतकी वर्षं हिच्या भरवशावर ज्यूस पितोय!"

इंदुबाईंनी त्यांच्याकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आन मग सर, कारलं कसं वो कडू लागतंय मला? सोमवारचा गाडा धुतला तरी संध्याकाळपातूर हाताला कडू वास ऱ्हातोय. नखं चावली तर थुकावं लागतंय."

प्रश्न बिनतोड होता. मला उत्तर माहीत नव्हतं. माहीत नाही असं म्हणणं ही विज्ञानातली सगळ्यात सोपी गोष्ट आहे असं मी पोरांना सांगायचो. पण मी बाकावर उभा होतो.

"ती... सवय असते," मी म्हणालो. "कारलं कडू, असं लहानपणापासून ऐकलेलं असतं. त्यामुळे वाटतं."

"वाटतंय व्हय," इंदुबाई म्हणाल्या, आणि गाड्यामागे गेल्या.

यादी कमानीखाली काचेच्या पेटीत लागली. वर शीर्षक होतं, 'कडू लागणाऱ्यांची यादी', खाली माझी सही. रावसाहेब मंडळाचे अधिकृत चव-परीक्षक झाले. नोंदवही आली. तारीख, वार, फळभाजी, निष्कर्ष, सही. इंदुबाईंनी दुधी चाखू नये, वेळ जातो, असं त्यांना सांगण्यात आलं. त्या तरी चाखायच्या. चोरून, पाठ करून. तो तुकडा तोंडात ठेवला की त्यांचे डोळे क्षणभर मिटायचे. आता मिटल्यावर ते पूर्वीपेक्षा जास्त वेळ मिटलेले राहायला लागले होते.

तीन आठवड्यांनी रावसाहेबांची सत्तरी होती, आणि ती शुक्रवारी आली. त्यांनी आपल्या वारुंजीच्या मळ्यातले सेंद्रिय दुधी सगळ्या मंडळासाठी पाठवले. चांगले हातभर लांब, चकचकीत. कुणीतरी त्यांना हार घातला, म्हणजे रावसाहेबांना.

गाड्यावरून इंदुबाईंचा आवाज आला. "सायेब, ह्यो कडू हाय."

"काय?"

"कडू. आन ह्यो बी. तीन चाखले, तिन्ही कडूजार. समदे एका येलाचे दिसत्यात. टाकून द्यावं लागतील."

रावसाहेबांच्या गळ्यात हार होता. ते गाड्याकडे चालत गेले.

"इंदुबाई, तुझं नाव यादीत आहे का?"

"यादीचं मला ठावं न्हाई. कडू हाय."

"नोंदवहीत सही झालेली आहे आजची."

हे खरं होतं. सही झाली होती. पुढच्या तीन शुक्रवारांचीही झाली होती, ती मला नंतर दिसली.

त्यांनी स्वतः दोन दुधी किसले, स्वतः पिळले, 'मा. रावसाहेब यांस स्नेहपूर्वक' असं लिहिलेल्या आपल्या पेल्यात रस घेतला आणि एक घोट घेतला. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. त्यांच्या कानशिलाजवळची शीर ताडकन उडाली. घशातला कंठमणी वर गेला आणि तिथेच थोडा वेळ थांबला. पण चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. कोऱ्या कागदावर चार पावलं मागे गेलेला माणूस जागेवर खांबासारखा उभा राहिला.

"गोड आहे," ते म्हणाले. "थोडं तेज आहे, मातीचं. सेंद्रिय आहे ना."

"सायेब, पिऊ नका," इंदुबाई म्हणाल्या. "कुणालाच देऊ नका. म्या भांड्याला हात लावणार न्हाई." आणि त्यांनी खरंच दोन्ही हात पदराखाली घेतले.

"सर!" रावसाहेबांनी मला हाक मारली. "तुम्ही सांगा. शास्त्रीय काय ते."

त्यांनी माझ्या पेल्यात रस ओतला. मी एक घोट घेतला. सगळे माझ्याकडे बघत होते. इंदुबाई सगळ्यात जास्त.

मला काय लागलं, ते थोड्या वेळानं सांगितलं तर चालेल का? मी बोललो ते आधी सांगतो. मी म्हणालो, "यादीत रावसाहेबांचं नाव पहिलं आहे."

बस. खोटं काहीच नव्हतं त्यात.

मग रस वाटला गेला. 'वा', 'दुधीला आज गुण आलाय', 'शुक्रवार कामी लागला' असं म्हणत लोक पिऊ लागले. मी पेला घेऊन कडेला, मेंदीच्या कुंपणाजवळ गेलो. मुजावर गुरुजी माझ्या मागोमाग आले. अर्धा घोट घेऊन त्यांनी ओठ मिटले.

"सर, मला तर कडूच वाटतोय. चांगलाच. प्यावा का हो?"

"रावसाहेबांनी तपासलाय," मी म्हणालो.

"ते झालं. तुम्ही काय म्हणता?"

मी मान हलवली. ती मान कशी हलवली, वरखाली की आडवी, हे मी पुष्कळदा आठवून बघितलं आहे. मला वाटतं, दोन्हीच्या मधली होती. गुरुजींनी ती 'प्या' अशी वाचली. शास्त्रावर विश्वास असलेला साधा माणूस. गटागटा प्यायले, शहारले, आणि मला म्हणाले, "औषध समजायचं."

साडेसातला पहिली उलटी झाली ती रावसाहेबांना. हार गळ्यातच होता. आठपर्यंत मैदानावर ज्याला जिथे जागा मिळाली तिथे माणूस ओणवा होता. तेवीसांपैकी अकरा जण दवाखान्यात गेले, त्यातले दहा संध्याकाळी घरी आले. गुरुजींना उलटीतून रक्त पडलं. ते पाच दिवस आत होते, पहिले दोन दिवस त्यांची मुलगी खाटेशेजारून हलली नाही.

"तुम्हाला बरं काही झालं नाही," शालिनी म्हणाली.

"माझी प्रकृती तशी बरी आहे," मी म्हणालो.

"हो का. आणि पायजम्यावर ओले हिरवे डाग कसले?"

"दव असेल."

तिनं पायजमा भिजत टाकला.

दोनच दिवसांनी, रविवारी, मिसळ रद्द करून मंडळाची चौकशी सभा झाली. रावसाहेब शाल पांघरून बसले होते. डॉक्टरांनी 'दुधी कडू होता का' असं विचारलं तेव्हा त्यांनी उत्तर दिलं होतं, की यादीतल्या कुणालाही लागला नाही. हे मात्र खरं होतं. म्हणजे, लागला असं यादीतल्या कुणी उघड म्हटलं नव्हतं. गुरुजी म्हणाले असते, पण ते दवाखान्यात होते.

"मग प्रश्न उरतो किसणीचा," रावसाहेब म्हणाले.

"किसणीला काय झालंय?" इंदुबाई उभ्याच होत्या. त्यांना कुणी बसा म्हटलं नव्हतं. "किसलं तुमी सायेब. पिळलं तुमी. म्या हात लावला न्हाई. म्या म्हन्ले कडू हाय म्हणून."

"तुला कडू कळत नाही हे शास्त्रानं सिद्ध झालेलं आहे. मग तुला ते आधीच कसं माहीत होतं, हा खरा प्रश्न आहे."

सभेत कुजबुज झाली. हा मुद्दा लोकांना पटला. ज्या बाईला कडू लागूच शकत नाही तिनं 'कडू आहे' म्हटलं, म्हणजे तिला काहीतरी ठाऊक होतं. मी विज्ञान शिकवलं, तर्कही थोडासा शिकवला असता तर बरं झालं असतं.

"केंजळे सर, तुमचं मत नोंदवायचं आहे."

इंदुबाईंनी माझ्याकडे बघितलं. मग मैदानाच्या कडेच्या मेंदीकडे. मग पुन्हा माझ्याकडे. नुसत्या वाट बघत होत्या.

"या विषयाचा अधिक अभ्यास करावा लागेल," मी म्हणालो.

तसं इतिवृत्तात लिहिलं गेलं. ठराव झाला, की अस्वच्छ उपकरणांमुळे ही दुर्दैवी घटना घडली असून सदर गाड्यास मैदानावर मनाई करण्यात येत आहे. सूचक, अनुमोदक, एकमत. इंदुबाईंनी किसणी गाड्यावरून काढली, सगळ्यांसमोर धरली, बोटानं पुसून दाखवली आणि गाडा ढकलत निघून गेल्या.

पत्र आलं ते त्यानंतर दोन महिन्यांनी.

'सर, नमस्कार. मी मिरजेला भावाकडे आहे. इथं दवाखान्यासमोर गाडा टाकला आहे. त्या दिवशी तुम्ही तुमचा पेला मेंदीत ओतला तो मी बघितला. कुणाला सांगितलं नाही. सांगायची गोष्ट तुमची आहे. पण सर, मला आता माझीच शंका येते. दुधी चाखते तर कडू वाटतो का खरंच आहे कळत नाही. चांगले चांगले दुधी टाकते आणि भीतीनं झोप येत नाही. तर एवढंच कळवा, तुम्हाला तो कडू लागला होता ना? इंदुबाई सुतार.'

लागला होता. तो घोट जिभेच्या मागच्या बाजूला पोचला आणि सगळं तोंड आक्रसलं. इतकं कडू मी आयुष्यात चाखलं नव्हतं. थुंकावंसं वाटलं. पण त्याच क्षणी मला डबा आठवला. एकतीस वर्षं मी तो कागद दरवर्षी वर्गाआधी गुपचूप जिभेवर ठेवून बघत आलो होतो, आणि एकतीस वर्षं मला कागदच लागत आला होता. वहीचा. मीही आंधळ्यांतलाच. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. मला जे कारलं लागतं ती कारल्याची नुसती सावली, खरं कारलं इतरांनाच माहीत, असं मी मानून चाललो होतो. तेव्हा हा दुधी मला कडू लागूच शकत नव्हता. तो मला 'वाटत' होता. माझ्या जिभेवर माझा विश्वास नव्हता, माझ्या यादीवर होता. मात्र पेला मी मेंदीत ओतला. तेवढ्यापुरता जिभेवर विश्वास ठेवला, स्वतःच्या पोटापुरता.

उत्तर नीट द्यावं म्हणून मी वाचायला बसलो. कॉलेजच्या ग्रंथालयातून नवी नियतकालिकं आणली. दोन दिवसांत मला ते सापडलं, आणि ते नवंही नव्हतं. मी निवृत्त व्हायच्या कितीतरी आधी छापलेलं होतं. कडू ओळखणारा जिभेवर एकच पहारेकरी नसतो. पंचवीसेक प्रकारचे रिसेप्टर असतात. सरकारी कचेरीच्या खिडक्यांसारखे. एखादी खिडकी एकाच प्रकारचा अर्ज घेते. दुसरीचा खळगा इतका ऐसपैस, की ज्यांचं एकमेकांशी काडीचं नातं नाही असे शंभरावर पदार्थ तिथे बसतात. आणि कुठल्याही खिडकीवर अर्ज आला तरी आत साहेबाकडे एकच निरोप जातो, 'कडू'. पीटीसीचा कागद मुख्यतः एकाच खिडकीवर चालतो. माझ्या आणि इंदुबाईंच्या जिभेवर ती एक खिडकी बंद होती. दुधीच्या विषाच्या खिडक्या सताड उघड्या होत्या. एक खिडकी बंद बघून मी सगळ्या कचेरीला टाळं ठोकलं होतं.

पहिलं उत्तर मी चार पानांचं लिहिलं. त्यात रिसेप्टरची माहिती अपुरी वाटली. दुसरं नऊ पानांचं झालं, आकृतीसह. सातव्या मसुद्याला तळटिपा होत्या. पाठवलं एकही नाही. दरवर्षी त्या विषयात काही नवं छापून यायचं आणि मी म्हणायचो, हे घालून मग पाठवू.

"एवढं काय लिहिता?" शालिनी विचारायची.

"उत्तर."

"प्रश्न काय होता?"

मी सांगितला नाही. ती गेली त्यालाही आता चार वर्षं झाली.

मागच्या महिन्यात मंडळाचे नवे सचिव घरी आले. मंडळाला पंचवीस वर्षं झाली म्हणून स्मरणिका काढायची होती. रावसाहेब आता नाहीत, त्यांचा फोटो मुखपृष्ठावर.

"सर, 'मंडळाची वैज्ञानिक परंपरा' असा लेख द्या. ती यादी वगैरे. मधे एका गाडेवालीच्या हलगर्जीपणानं काही झालं होतं, ते ओझरतं आलं तरी चालेल."

"बघतो," मी म्हणालो.

संध्याकाळी मुजावर गुरुजींकडे गेलो. ते आता पंच्याऐंशीचे आहेत, ऐकायला कमी येतं, बाकी ठीक. नातीच्या लग्नाला मिरजेला जाऊन आले होते.

"अहो सर, इंदुबाई भेटल्या! दवाखान्यासमोर गाडा आहे अजून. ओळखलं मला. म्हटलं, बाई, दुधी पाजा बघू, आता भीत नाही मी. तर म्हणाल्या, दुधी ठेवत नाही. काकडी, कारलं, काहीच नाही. बारा वर्षं झाली म्हणे. फक्त उसाचा रस."

"का?"

"मी तेच विचारलं. तर म्हणाल्या, उसाला चाखावं लागत नाही." गुरुजी हसले. "तुमचीही चौकशी केली. सर अजून वाचतात का, म्हणाल्या."

घरी आलो. शब्दकोशाचा दुसरा खंड काढला. पत्राची घडी फाटायला आली होती. अकरा मसुदे काढले आणि वाचले. माहिती अचूक होती. 'हो' हा शब्द एकाही मसुद्यात नव्हता.

दुसऱ्या दिवशी पोस्टात जाऊन दोन पोस्टकार्डं घेतली. अंतर्देशीयही होतं, पण ते चिकटवता येतं. उघडं बरं. पोस्टमननं वाचलं तरी चालेल. काउंटरजवळ, दोरीला बांधलेल्या पेनानं, उभ्याउभ्याच लिहिलं.

'इंदुबाईंस सादर नमस्कार. हो. तो दुधी कडू होता. मला लागला होता, म्हणून मी ओतला, आणि ते कुणाला सांगितलं नाही. गुरुजींनी विचारलं तरी सांगितलं नाही. तुमची जीभ बरोबर होती, माझी यादी चूक होती. त्या कागदाचा आणि दुधीचा काही संबंध नाही. कारलं तुम्हाला कडू लागतं ते खरंच लागतं. मंडळाला स्मरणिकेसाठी हाच मजकूर पाठवत आहे. उत्तराला उशीर झाला. दामोदर केंजळे.'

पुढे रिसेप्टरबद्दल एक वाक्य लिहावंसं वाटलं. जागाही होती. पेन खाली ठेवलं.

दुसऱ्या कार्डावर तेच उतरवून वर सचिवांचा पत्ता घातला. बाहेर लाल पेटीपाशी आलो. आधी सचिवांचं टाकलं. मग इंदुबाईंचं. ते अर्ध्यात अडकलं. मी बोटानं आत ढकललं आणि खाली पडल्याचा आवाज येईपर्यंत कान लावून उभा राहिलो.